टाइप रेटिंगच्या उंबरठ्यावर: भरवसा ऑटोपायलटवर ठेवावा की हातावर?

प्रश्न: बिरसीचा_विद्यार्थी (प्रतापनगर, नागपूर)

सर्वांना नमस्कार. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हाती आला असून आता एअरबस ए-३२० चे टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचे विमान उडवण्याची खास पात्रता, मिळवायची आहे. माझे शिक्षण गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर लहान विमानांवर झाले. तिथल्या प्रशिक्षकांचा एकच धोशा असे, की नजर बाहेर ठेवा, आणि विमानाचे नाक किती वर आहे व इंजिनाची ताकद किती आहे यांचा मेळ पडद्यावर पाहण्याआधी हाताला कळला पाहिजे. आता मोठी विमाने उडवणाऱ्या ज्येष्ठांशी बोलतो, तेव्हा त्यांतले काही जण नेमके उलटे सांगतात. त्यांच्या मते आजचे प्रवासी विमान म्हणजे संगणकांचा ताफा आहे, वैमानिकाने त्यावर देखरेख करायची असते आणि हाताने उडवण्याची हौस ही सुरक्षिततेला मारक असते.

दोन्ही बाजूंना अनुभव आहे, त्यामुळे कुणाला खोटे ठरवण्याचा हेतू नाही. मला जाणून घ्यायचे आहे ते असे, की यंत्रणा अनपेक्षितपणे वागू लागली तर तिच्यावर भरवसा ठेवून थांबावे की तिला बाजूला सारून विमान हातात घ्यावे, आणि हा निर्णय घेण्याची तयारी प्रशिक्षणात नेमकी कशी करावी. अहमदाबादच्या जून २०२५ मधल्या विमान दुर्घटनेवर इथे तर्क लढवू नयेत, अशी विनंती आहे. ज्यांच्या चौकशीचे अंतिम अहवाल आलेले आहेत, अशाच घटनांच्या आधारे चर्चा व्हावी.

उत्तर: धरमपेठचा_कमांडर (निवृत्त)

प्रश्न मोकळेपणाने विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यंत्र विरुद्ध माणूस ही मांडणी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांना सोयीची आहे. कॉकपिटमध्ये बसल्यावर प्रश्न वेगळाच असतो: या क्षणी विमान कोण उडवत आहे, आणि त्याला काय करायला सांगून ठेवले आहे? याचे उत्तर दोन्ही वैमानिकांना एकाच वेळी आणि एकसारखे ठाऊक नसेल, तर ऑटोपायलट चालू असला काय आणि बंद असला काय, धोका तेवढाच.

आपल्याच देशातले उदाहरण घ्या. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे मुंबईहून निघालेले ए-३२० बंगळूरच्या धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले आणि १४६ पैकी ९२ जण दगावले. विमान नवेकोरे होते, इंजिने ठणठणीत होती, हवा स्वच्छ होती. अप्रोचच्या, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येण्याच्या, अखेरच्या टप्प्यात विमान ‘ओपन डिसेंट’ मोडमध्ये राहिले. या मोडमध्ये इंजिने आयडलवर, म्हणजे किमान ताकदीवर, जातात आणि वेग इंजिनाच्या ताकदीने राखला जात नाही, तो नाकाच्या कोनाने राखावा लागतो. उंच आकाशातून खाली येताना हा मोड उत्तम आहे, धावपट्टी समोर दिसत असताना तो घातक आहे. वेग घसरत गेला, उंची घटत गेली, आणि थ्रस्ट लिव्हर, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणारे दांडे, पुढे ढकलले गेले तेव्हा उशीर झाला होता, कारण जेट इंजिनाला आयडलवरून पूर्ण ताकदीवर यायला काही सेकंद लागतात आणि तेवढीही उंची हातात उरली नव्हती. इंजिनाची ताकद आपोआप राखणाऱ्या ऑटोथ्रस्टने त्याला सांगितलेले काम चोख केले. मात्र आपण त्याला कोणते काम सांगून बसलो आहोत, याचे भान पुढच्या दोन्ही आसनांवर वेळेत आले नाही.

त्यानंतर दोन वर्षांच्या आतच, २० जानेवारी १९९२ रोजी, फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गजवळ त्याच प्रकारचे विमान डोंगराला धडकले आणि ८७ जणांचा मृत्यू झाला. ए-३२० च्या पॅनेलवर एकच खटका असा आहे, जो फिरवून उतरण्याचा कोनही ठरवता येतो आणि उतरण्याचा वेगही. कोणता अर्थ लागू होईल ते शेजारचे एक बटण ठरवते. तपासणी करणाऱ्यांना सर्वाधिक संभाव्य वाटलेले स्पष्टीकरण असे, की ३.३ अंशांचा कोन द्यायचा म्हणून जो आकडा फिरवला गेला, तो यंत्राने मिनिटाला ३,३०० फूट असा घेतला. खिडकीत तेव्हा दोन्ही वेळा जवळजवळ सारखाच आकडा दिसत असे. पुढे एअरबसने उतरण्याचा वेग चार आकड्यांत दाखवायला सुरुवात केली, म्हणजे ३३ ऐवजी ३३०० दिसू लागले. तुम्ही ज्या विमानावर शिकणार आहात, त्याच्या पॅनेलवरची ती दोन शून्ये अशी आलेली आहेत. लक्षात ठेवा.

आता तुमच्या प्रशिक्षकांच्या बाजूने. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे ए-३३० अटलांटिकमध्ये कोसळले आणि २२८ जण गेले. ३५,००० फुटांवर बर्फाच्या कणांनी वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूब बुजल्या, वेगाचे आकडे एकमेकांशी जुळेनात, म्हणून ऑटोपायलट स्वतःहून सुटला. वेगाची ही गफलत एक मिनिटही टिकली नाही. नाक आणि इंजिनाची ताकद आहे तशीच ठेवली असती, तर विमान जसे चालले होते तसे चालत राहिले असते. त्याऐवजी साइडस्टिक, म्हणजे विमान हाताळण्याची दांडी, मागे ओढली गेली, विमान सुमारे ३८,००० फुटांपर्यंत चढले, स्टॉल झाले, म्हणजे पंखांची उचल सुटली, आणि ऑटोपायलट सुटल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत समुद्रात गेले. यातली सर्वांत विचित्र गोष्ट अशी, की मोजलेला वेग ६० नॉटच्या खाली गेला की त्या विमानाची यंत्रणा समोरच्या हवेशी पंखांच्या होणाऱ्या कोनाची मोजमापे अविश्वसनीय मानून स्टॉलचा इशारा बंद करीत असे. त्यामुळे वैमानिकाने नाक खाली केले, म्हणजे योग्य तेच केले, की इशारा पुन्हा वाजू लागे, आणि नाक वर ओढले की शांतता होई. चौकशीत हेही नमूद झाले, की इतक्या उंचीवर विमान हाताने हाताळण्याचे प्रशिक्षण त्या वैमानिकांना मिळालेले नव्हते.

म्हणून माझे म्हणणे असे, की हाताने उडवण्याच्या सरावाला हौस म्हणणे चुकीचे आहे. अमुक वजनाला, अमुक उंचीवर, नाक इतके वर आणि ताकद इतकी असली की विमान सरळ चालते, हे अंगात भिनलेले असले, तर पडदे खोटे बोलू लागले तरी माणूस गोंधळत नाही. हा सराव न करता केवळ देखरेख करणारा माणूस देखरेखही धड करू शकत नाही, कारण बरोबर काय दिसायला हवे हेच त्याला ठाऊक नसते.

उत्तर: मिहान_एव्हिऑनिक्स

कमांडरसाहेबांच्या अनुभवाचा पूर्ण आदर राखून काही गोष्टी मांडतो. मी वैमानिक नाही, नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या एका हँगरमध्ये विमानांच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांची देखभाल करतो. वैमानिकांच्या चर्चेत यंत्राची बाजू घेणारा सहसा कुणी नसतो, म्हणून ती आधी घेतो.

२२ मे २०१० रोजी मंगळूरला जे झाले, त्यात यंत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत खरे बोलत होते. विमान फार उंचावरून फार वेगाने उतरत होते. जमिनीच्या निकटतेचा इशारा देणारी यंत्रणा पुन्हा पुन्हा ओरडत होती, सहवैमानिक गो-अराउंड करा, म्हणजे न उतरता पुन्हा वर चला, असे सांगत होता, आणि तरीही विमान टेबलटॉप, म्हणजे टेकडीच्या माथ्यावरच्या, धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकवले गेले. १५८ जण गेले, ८ वाचले. ७ ऑगस्ट २०२० च्या कोळिकोडच्या अपघाताबद्दल नागपुरात लिहिताना हात आखडतो, कारण त्या विमानाच्या कॅप्टनचे आईवडील आपल्याच शहरात राहत होते. पण तिथेही अहवालाने अस्थिर अप्रोच पुढे चालू ठेवणे आणि गो-अराउंडची सूचना मानली न जाणे हीच मुख्य कारणे सांगितली. त्याच अहवालाने एकट्या माणसावर सगळे न ढकलता संस्थात्मक त्रुटींवरही बोट ठेवले, हे इथे मुद्दाम नमूद करतो. या दोन्ही ठिकाणी अखेरचा निर्णय माणसाच्या हातात होता, आणि तो हात कसलेला होता.

कमांडरसाहेबांची उदाहरणे खोटी नाहीत, पण ती एकाच पारड्यात टाकलेली आहेत. जमिनीचा इशारा देणारी यंत्रणा येण्यापूर्वी धडधाकट विमाने ढगांत लपलेल्या डोंगरांवर आदळण्याचे प्रमाण काय होते, ते जुन्या वैमानिकांनीच नव्यांना सांगावे. जे अपघात टळले त्यांची फाइल कुठेच उघडली जात नाही.

आता यंत्राच्या विरुद्ध बोलतो, कारण तिथे आमच्या क्षेत्राची जबाबदारी आहे. बोइंग ७३७ मॅक्सची दोन विमाने पडली, २९ ऑक्टोबर २०१८ रोजी जाकार्ताहून निघालेले आणि १० मार्च २०१९ रोजी अदिस अबाबाहून निघालेले; मिळून ३४६ जण गेले. तिथे एमकॅस नावाची प्रणाली नाक खाली ढकलत राहिली, आणि हे ती विमानावरच्या दोनपैकी एकाच कोनमापक सेन्सरच्या आधारे करीत होती. घरात एकच घड्याळ असले आणि ते मागे पडले, तर गाडी चुकेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. तसाच हा प्रकार होता. त्यातही पहिल्या अपघातापर्यंत या प्रणालीचे नाव वैमानिकांच्या पुस्तिकेत नव्हते. अशा स्थितीत तुम्ही हाताने कितीही उत्तम उडवत असा, तुमच्या हाताला विरोध कोण करीत आहे हेच तुम्हाला सांगितलेले नाही. इथिओपियाच्या वैमानिकांनी विजेचा ट्रिम, म्हणजे नाकाचा कल राखणारी यंत्रणा, तोडणारे खटके दाबलेही होते, पण वेग इतका वाढलेला होता की हाताने ट्रिमचे चाक फिरणे अशक्यप्राय झाले. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मार्च २०१९ मध्ये ही विमाने जमिनीवर ठेवली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा परवानगी दिली.

तीन सेन्सर असले म्हणजे सगळे निर्धोक, असेही नाही. ७ ऑक्टोबर २००८ रोजी क्वांटासच्या ए-३३० मध्ये एका संगणकाने कोनाचे भलतेच आकडे पुढे पाठवले, ते गाळणारी गणिती पद्धत अपुरी पडली आणि विमानाने दोनदा अचानक नाक खाली घातले. शंभराहून अधिक लोक जखमी झाले. वैमानिकांनी ते लिअरमंथला सुखरूप उतरवले.

तेव्हा विद्यार्थ्याला माझे सांगणे असे, की टाइप रेटिंगमध्ये प्रणालींचा अभ्यास परीक्षेपुरता करू नका. कोणता सेन्सर कोणत्या संगणकाला माहिती देतो आणि तो गेला की काय काय सोबत जाते, हा नकाशा डोळ्यांसमोर असला पाहिजे. हाताचा सराव त्यानंतर.

उत्तर: रोस्टरवरचा_फर्स्ट_ऑफिसर (मनीषनगर)

वरच्या दोन्ही उत्तरांत प्रत्यक्ष नोकरीतली परिस्थिती आलेली नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

२९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात विमानांमध्ये उभे अंतर हजार फुटांचे असते आणि तिथे उंची आपोआप राखणारी यंत्रणा चालू असणे बंधनकारक आहे. म्हणजे क्रूझमध्ये हाताने उडवण्याचा प्रश्नच मिटला. दिल्लीच्या दाट धुक्यात कॅट-३ पद्धतीने, म्हणजे जवळजवळ काही दिसत नसताना, उतरायचे, तर ते ऑटोलँडनेच. उरतो तो काय, उड्डाणानंतर दहा-बारा हजार फुटांपर्यंतचा आणि उतरतानाचा शेवटचा काळ. बहुतेकदा ऑटोपायलट उड्डाणानंतर लगेच लागतो आणि धावपट्टी समोर आल्यावर सुटतो, त्यामुळे प्रत्येक फेरीत प्रत्यक्ष हातात राहते ती काही मिनिटेच.

त्यातही प्रत्येक उड्डाणाची नोंद नंतर तपासली जाते. वेग थोडा जास्त झाला, कल थोडा वाढला, की विचारणा येते. या तपासणीचा हेतू चांगला आहे आणि तिच्यामुळे अनेक वाईट सवयी सुटल्या, हे मान्य. पण तिचा उपपरिणाम असा झाला, की काही कॅप्टन नको ती झंझट म्हणून सहवैमानिकाला फ्लाइट डायरेक्टर, म्हणजे विमान कसे न्यायचे ते पडद्यावर दाखवणारी खूण, बंद करू देत नाहीत. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने जानेवारी २०१३ मध्येच विमान कंपन्यांना पत्रक काढून योग्य वेळी हाताने उडवण्यास प्रोत्साहन द्या असे सांगितले होते. पत्रक निघणे आणि ते रोस्टरच्या धबडग्यात पाळले जाणे यांत अंतर राहते.

ज्यांचे वास्तव्य नागपूरला आहे त्यांची एक सोय आहे. आपल्याकडे मुंबई-दिल्लीसारखी गर्दी नाही, धावपट्टी ३,२०० मीटर लांब आहे, आणि हिवाळ्यात धुके विरल्यावर सकाळी अकराच्या सुमारास हवा अशी स्थिर असते, की फ्लाइट डायरेक्टर आणि ऑटोथ्रस्ट दोन्ही बंद करून केवळ मूळ निर्देशकांवर, म्हणजे आम्ही ज्याला रॉ डेटा म्हणतो त्यावर, अप्रोच करायला याहून चांगली जागा नाही. मे महिन्यातल्या दुपारी हा नाद करू नये. पारा ४५ अंशांवर गेलेला असतो, तापलेल्या काळ्या मातीवरून उठणारी हवा विमान सतत हिंदकळवते आणि त्या वेळी सहवैमानिकाच्या सरावापेक्षा स्थिर अप्रोच महत्त्वाचा.

उत्तर: निवृत्त_नियंत्रक (सोनेगाव)

मी हवाई वाहतूक नियंत्रणात आयुष्य घालवले, त्यामुळे माझी बाजू जमिनीवरून दिसणारी आहे. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-कोलकाता हे मार्ग आपल्या डोक्यावरून जातात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात विदर्भावर गडगडाटी ढगांच्या रांगा उभ्या राहिल्या, की प्रत्येक विमान वीस मैल डावीकडे किंवा उजवीकडे जाण्याची परवानगी मागते आणि कागदावर सरळ असलेले मार्ग आकाशात एकमेकांत गुंततात. अशा वेळी ऑटोपायलट ढग चुकवून देत नाही. रडारवर ढगाचे रंग पाहून वळायचे कुठे आणि किती आधी, हे माणूसच ठरवतो, आणि आम्ही खाली बसलेले त्यांच्यासाठी जागा करतो.

तरीही माणसाच्या शब्दावर यंत्राचा शब्द वरचढ ठरवण्याचा नियम ज्या एका गोष्टीत झाला, तो मला पूर्णपणे पटलेला आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीवर सौदियाचे ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन आदळले आणि ३४९ जण गेले. त्यानंतर आपल्याकडे टक्कर टाळणारी टीकॅस प्रणाली सक्तीची झाली. पण प्रणाली बसवली म्हणजे झाले नाही. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत यूबरलिंगेनवर दोन विमाने समोरासमोर आली. दोन्हींवर टीकॅस होती. तिने एकाला वर जा सांगितले, दुसऱ्याला खाली जा सांगितले. त्याच क्षणी नियंत्रकाने पहिल्याला खाली येण्याचा आदेश दिला. पहिल्याने नियंत्रकाचे ऐकले, दुसऱ्याने यंत्राचे ऐकले, आणि दोघेही खाली आले. ७१ जण गेले. तेव्हापासून नियम निःसंदिग्ध आहे: टीकॅसचा आदेश आला, की नियंत्रक काय म्हणतो ते बाजूला ठेवायचे. नियंत्रक म्हणून हे स्वीकारणे आम्हाला जड गेले असेल असे कुणाला वाटेल, तसे नव्हते. आमच्या पडद्यावरचे चित्र काही सेकंद जुने असते, त्यांची यंत्रे एकमेकांशी थेट बोलत असतात.

यात गंमत अशी, की नव्या विमानांत टीकॅसचा आदेश ऑटोपायलट स्वतः पाळू शकतो, पण जुन्या ए-३२० मध्ये त्या आदेशासरशी ऑटोपायलट बंद करून विमान हातानेच वर किंवा खाली न्यावे लागते, तेही हलक्या हाताने, नाहीतर मागच्या प्रवाशांचे डोके छताला आपटते. म्हणजे निर्णय यंत्राचा आणि कसब हाताचे. प्रश्नकर्त्याच्या दोन्ही गुरूंना यात आपापले म्हणणे सापडेल.

जाता जाता एक. हाताने उडवण्याच्या जमान्याचे गोडवे ऐकू येतात, तेव्हा नागपूरकरांना १९४९ साली सुरू झालेली रात्रीची टपाल विमाने आठवतात. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रासहून निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्री सोनेगावला, म्हणजे नागपूर विमानतळावर, एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. तो पराक्रमच होता. पण डिसेंबर १९५३ मध्ये त्याच सेवेचे एक विमान इथून उडाल्यावर लगेच कोसळले, हेही त्याच इतिहासात आहे.

प्रतिसाद: बिरसीचा_विद्यार्थी

सर्वांचे मनापासून आभार. मिहानच्या सरांनी सांगितलेला सेन्सर ते संगणक हा नकाशा काढायला आजच सुरुवात करतो. दोन शंका राहतात. पहिली अशी, की यंत्रणा भलतेच काही करू लागली तर ती एकदम पूर्ण बंद करायची की टप्प्याटप्प्याने? आणि दुसरी, नोकरीत कॅप्टनने हाताने उडवू दिले नाही, तर नवख्या सहवैमानिकाने काय करावे?

उत्तर: धरमपेठचा_कमांडर (निवृत्त)

मिहानच्या मित्रांनी मंगळूर आणि कोळिकोडचा दाखला दिला, तो योग्य आहे आणि माझ्या म्हणण्याला तो जोडलाच पाहिजे. हातात कसब असलेल्या माणसाला विमान सावरण्याची इतकी खात्री वाटते, की तो गो-अराउंड टाळतो. म्हणून स्थिर अप्रोचची जी उंची कंपनीने ठरवली आहे, त्या उंचीवर वेग, उतरण्याचा दर किंवा विमानाची उतरण्यासाठीची रचना (चाके वगैरे) जुळली नाही, तर तिथे चर्चा नाही, वर जायचे. हा निर्णय कसबावर सोडायचा नाही. तुम्ही सहवैमानिक असाल तर शब्द ठरलेलाच वापरा आणि स्पष्ट उच्चारा. ‘सर, जरा वेग जास्त वाटतो का?’ असे आदबीने विचारणे आपल्या संस्कारांत बसते, पण त्याने काम होत नाही. ‘गो-अराउंड’ म्हणा. मानला नाही तर पुन्हा म्हणा, आणि तरीही मानला नाही तर तुमच्या कंपनीच्या पुस्तिकेत ताबा घेण्याची जी पद्धत दिलेली असेल, ती तोंडपाठ असू द्या.

पहिल्या शंकेबद्दल. एअरबसच्या स्वतःच्या मूलभूत नियमांतच उत्तर आहे: कोणत्याही क्षणी परिस्थितीला साजेल तेवढेच ऑटोमेशन वापरा, आणि पडद्याच्या वरच्या ओळीत कोणते मोड लागलेले आहेत ते सतत जाणून असा. त्या ओळीला एफएमए म्हणतात. बटण दाबले म्हणजे मोड लागला, असे कधीही समजू नका. ओळीत उमटला की मगच लागला, आणि उमटलेले मोठ्याने वाचा, म्हणजे शेजारच्यालाही तेच दिसते आहे ना ते कळते. सान फ्रान्सिस्कोला ६ जुलै २०१३ रोजी एशियाना कंपनीचे ७७७ धावपट्टीच्या अलीकडच्या बांधावर आदळले, तेव्हा ऑटोथ्रॉटल (बोइंगमधला ऑटोथ्रस्ट) अशा मोडमध्ये गेलेला होता जिथे तो वेग सांभाळतच नाही. १३७ नॉट हवे असताना वेग १०३ पर्यंत उतरला. त्या ओळीत मोड लिहिलेला होता.

वागणूक विचित्र वाटली आणि वेळ हाताशी असला, तर एक पायरी खाली या. संगणकाने आखलेला मार्ग सोडून स्वतः दिशा आणि उंची निवडून द्या. तरीही गोंधळ असला तर ऑटोपायलट सोडा. वेळ नसला, विमान धावपट्टीजवळ असले किंवा नाक तुमच्या मनाविरुद्ध जात असले, तर पायऱ्या मोजत बसू नका, थेट हातात घ्या. वेगाचे आकडेच खोटे वाटले, तर ए-३२० साठी पाठ असायलाच हवेत असे आकडे आहेत: उड्डाणानंतर थ्रस्ट कमी करण्याआधी नाक १५ अंश आणि पूर्ण ताकद, त्यानंतर १०,००० फुटांच्या खाली १० अंश आणि क्लाइंब थ्रस्ट (चढण्यासाठीची ताकद), त्याच्या वर ५ अंश आणि क्लाइंब थ्रस्ट. एवढ्यावर विमान सुरक्षित राहते, मग शांतपणे पुस्तिकेतले तक्ते उघडून वजनाप्रमाणे नेमके आकडे घ्या. सिम्युलेटरमध्ये प्रशिक्षकाला सांगून हा प्रसंग रात्रीच्या वेळी, ढगांत आणि ३५,००० फुटांवर मागून घ्या. दिवसाढवळ्या पाच हजार फुटांवर तो सगळ्यांना जमतो.

दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. अप्रोच चालू असताना विचारू नका. जमिनीवर, ब्रीफिंगच्या वेळी, आज हवा चांगली आहे, गर्दी नाही, मी रॉ डेटा अप्रोच करू का, असे विचारा, आणि परत फ्लाइट डायरेक्टर कधी लावायचा हेही स्वतःच सांगा. अशी तयारी दाखवणाऱ्या सहवैमानिकाला नकार देणारे कॅप्टन कमी असतात. नकार मिळालाच तर त्या दिवशी ऑटोपायलट चालू ठेवून थ्रस्ट किती लागतो ते प्रत्येक टप्प्यावर मनात आधी बोला आणि मग पडद्यावर पडताळा. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

उत्तर: मिहान_एव्हिऑनिक्स

कमांडरसाहेबांनी आकडे दिलेच आहेत, तर त्यांच्या मुळाशी असलेल्या नळीबद्दल एक भर घालतो, कारण विद्यार्थी नागपूर परिसरातला आहे.

६ फेब्रुवारी १९९६ रोजी बिर्गेनएअरचे ७५७ डोमिनिकन प्रजासत्ताकातून उडाले आणि काही मिनिटांत समुद्रात पडले. १८९ जण गेले. विमान बरेच दिवस उभे होते, उड्डाणापूर्वी काही काळ पिटो ट्यूबवर आवरण नव्हते, आणि त्या नळीत मातीची घरटी करणाऱ्या माशीने घर केले असावे, असा निष्कर्ष निघाला. कॅप्टनच्या बाजूचा वेग खोटा आणि वाढता दिसत राहिला, आणि त्याच आकड्यावर चालणारा ऑटोपायलट वेग कमी करायला नाक वर उचलत गेला. शेजारच्या आसनासमोरचे निर्देशक खरे आकडे दाखवत होते.

आपल्याकडे उन्हाळ्यात कुंभारीण माशी कोणत्याही उघड्या नळीत ओली माती भरायला तासाभराचाही अवधी घेत नाही. हँगरच्या दाराच्या बिजागरीपासून पाण्याच्या नळापर्यंत तिची घरटी मी पाहतो. त्यामुळे उड्डाणापूर्वी विमानाला फेरी मारताना पिटोवरची लाल आवरणे काढली आहेत एवढेच पाहून पुढे जाऊ नका. प्रत्येक नळीच्या तोंडाशी वाकून पाहा, गरज वाटली तर टॉर्च मारा, कडेला मातीचा कण किंवा ओलसर डाग दिसला तर इंजिनिअरला बोलवा, आणि उड्डाण लांबले तरी त्याने सही केल्याशिवाय दार लावू नका. धावपट्टीवर वेग घेताना शंभर नॉटला दोन्ही बाजूंचे आकडे जुळतात का ते मोठ्याने बोलून पडताळायची जी पद्धत आहे, ती याचसाठी आहे. त्या क्षणी फरक दिसला तर तुम्ही अजून जमिनीवर असता.